खण

फ्लॅट बुक करून घरी आलो त्या संध्याकाळी आईला म्हटलं, "आई, ७८० स्क्वेअर फूट कार्पेट आहे." ती तांदूळ निवडत बसली होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "म्हणजे किती खण गं?"

मला उत्तर देता येईना. नकाशाचा कागद तिच्यापुढे धरला, हॉल १० बाय १६, बेडरूम १० बाय ११ असं वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि ताट पुन्हा जवळ ओढलं. आकडे तिला कळले होते, पण घर काही दिसलं नव्हतं.

सिंहस्थ सरून लग्नाचे मुहूर्त पुन्हा निघू लागले तेव्हा, १९६९ च्या उन्हाळ्यात, आई लग्न होऊन जुन्या नाशकातल्या चढावरच्या एका वाड्यात आली. भाड्याच्या चार खणांत. 'चार खण' एवढं म्हटलं की त्या काळी ऐकणाऱ्याला घर दिसायचं. पुढे दोन खणांची खोली, मागे दोन खणांचं स्वयंपाकघर, वर कडीपाट आणि बाहेर सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक ओसरी. माझा जन्म तिथलाच.

खण म्हणजे दोन तुळयांमधली, दोन खांबांमधली जागा. साधारण पाच-सहा फूट, गावागणिक आणि सुतारागणिक थोडं इकडेतिकडे. तुळईवरून तुळईवर आडव्या कड्या टाकायच्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा जाड थर. एवढं ओझं घेऊन कडी किती लांबीपर्यंत वाकत नाही, हे सुताराच्या हाताला ठाऊक असायचं. त्या लांबीचं नाव खण. घराचं माप झाडाने ठरवून दिलेलं होतं. पेठ-सुरगाण्याकडच्या रानातला साग जेवढा पेलेल तेवढाच खण. मोठं घर बांधायचं तर खण वाढवत न्यायचे, एकापुढे एक, मग चौकाभोवती, मग माडीवर. बिऱ्हाडकरूकडे चार असायचे, सावकाराकडे चाळीस.

आईच्या त्या प्रश्नानंतर मी घराच्या मापामागे लागले. वाचलं, हिंडले, जिथे जाईन तिथे छताकडे आणि खांबाच्या पायाकडे बघायची सवय लागली. खांबाचा पाय फार बोलका असतो.

आपल्या भागात माणसं घरं बांधून राहू लागली त्याला तीन हजारांहून अधिक वर्षं झाली. नाशकातल्या मातीच्या गढीवर आणि संगमनेरजवळच्या जोर्व्याला सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं, आणि पुढे त्या संस्कृतीला जोर्व्याचंच नाव मिळालं. तिची सगळ्यात चांगली उघडून पाहिलेली वस्ती म्हणजे पुणे जिल्ह्यातलं घोड नदीकाठचं इनामगाव. कुडाच्या भिंतींची घरं तीन हजार वर्षं टिकत नाहीत. टिकतात ते खांब रोवलेले खड्डे. जमिनीत गोल काळसर डाग दिसतात, त्या डागांची रांग लावत गेलं की घराचा आकार उमटतो. तिथे इसवी सनापूर्वी १४०० ते १००० च्या दरम्यानची घरं चौकोनी आणि ऐसपैस आहेत. त्यानंतरच्या तीनशे वर्षांतली मात्र लहान, गोल झोपड्या. पाऊस कमी होत गेला, शेती आटली, माणसं पुन्हा गुरांमागे हिंडू लागली, असं अभ्यासक त्याचं कारण सांगतात. मला हे वाचून बराच वेळ पुढचं पान उलटवेना. घर नेहमी लहानाकडून मोठ्याकडे, कच्च्याकडून पक्क्याकडे जातं अशी माझी शाळेपासूनची समजूत होती. इनामगावच्या त्या बायकांनी आपल्या मुलींना सांगितलं असेल का, की आमच्या आजीचं घर चौकोनी होतं?

आणि आपल्याकडे टिकून राहिलेली सर्वांत जुनी राहती जागा तर आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे. पांडवलेणी. पावसाळ्यातल्या एका रविवारी मी पायऱ्या चढून दहा नंबरच्या लेण्यात जाऊन बसले. पुढे खांबांची पडवी, आत मोठं दालन आणि तिन्ही बाजूंनी सोळा कोठड्या. उजवीकडे पाच, डावीकडे पाच, समोर सहा. कोठडीत निजायला दगडाचाच ओटा. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि पडवीत बसून मी कोरडी होते. हे लेणं पावसासाठीच आहे. भिक्षूंनी वर्षभर हिंडायचं आणि पावसाळ्यात एका जागी राहायचं, त्याची ही सोय. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख तिथे भिंतीवर आहे. त्यात नुसतं लेणं दिल्याचं नाही, ते चालवण्याचा हिशेब आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचे झाले २४०. त्यातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचं गोवर्धन. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी घर बांधून देताना तिथे राहणाऱ्याच्या अंगावर काय असेल याचाही विचार केला होता. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या मीटिंगला बसले की मला हा लेख आठवतो.

अठरा नंबरच्या चैत्याची, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याची, दर्शनी बाजू नीट पाहा. दगडात कोरलेली कमान आहे, पण तिच्यात लाकडी वाशांची टोकं कोरलीत. दगडाला वाशांची काही गरज नव्हती. कोरणाऱ्याच्या हाताला लाकडाचंच घर माहीत होतं, म्हणून डोंगरातही त्यानं लाकूड कोरलं.

मधली शतकं सोडून मी एकदम वाड्याशी येते, कारण मधल्या काळातली साध्या माणसांची घरं उरलीच नाहीत. अठराव्या शतकाच्या मध्यात पेशव्यांचा अंमल इथे पक्का झाला आणि गुलशनाबादचं पुन्हा नाशिक झालं. सरकारवाडा, पंचवटीतले आणि गावातले सरदार-सावकारांचे वाडे, तिकडे चांदवडला होळकरांचा रंगमहाल, ही सगळी त्याच अमलाची घडण. काळ्या दगडाचं उंच जोतं, त्यावर विटा, आत लाकडाचा सांगाडा. भिंत पडली तरी सांगाडा उभा राहावा अशी रचना. आणि इथे तो खांबाचा पाय बदललेला दिसतो. इनामगावचा खांब जमिनीत रोवलेला होता, म्हणून कुजून डाग होऊन राहिला. वाड्याचा खांब तळखड्यावर बसतो. तळखडा म्हणजे खांबाखालचा घडीव दगड, त्याच्या मधोमध एक चौकोनी खाच असते. खांबाचं कूस त्या खाचेत बसतं, लाकडाला ओल लागत नाही. एवढ्या एका दगडानं सागाचं आयुष्य दोनशे वर्षांवर नेलं.

वाडा म्हटलं की लोक नक्षी आठवतात, महिरप, केळफूल, सुरूदार खांब. मला ओसरी आठवते. चौकाच्या कडेनं तीन बाजूंना, चौकापेक्षा दोन पायऱ्या वर, पुढून उघडी आणि डोक्यावर छत असलेली जागा. घरात नाही आणि बाहेरही नाही. आमच्या वाड्याचे मालक तीर्थोपाध्याय होते. त्यांच्या माडीवर नामावळीच्या वह्यांची बासनं असत, आणि दूरदूरच्या गावांचे यजमान गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, विधीला आले की आमच्या ओसरीवर उतरत. १९८० च्या सिंहस्थात मी सात वर्षांची होते. रात्री पाण्याला उठले तर ओसरीवर माणसांतून पाय ठेवायला जागा नव्हती. नाशकातलं जुनं घर असं पाहुण्यांसाठी मोठं झालेलं घर आहे, हे घराच्या नकाशावरून कळत नाही, सिंहस्थातच कळतं.

आणि पुरात. 'नाशिक नव टेकांवर वसविलं' असं जुनी माणसं म्हणतात. आमचा वाडा टेकाच्या चढावर होता. १९६९ च्या महापुरात आई चार महिन्यांची नवी नवरी. खाली सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरलं. दुतोंड्या मारुती पार बुडाला तशी खालच्या गल्ल्यांतली माणसं बोचकी घेऊन वर आली आणि ज्या वाड्याची दिंडी, मोठ्या दारातलं लहान दार, उघडी त्या वाड्याच्या ओसरीवर बसली. आई सांगते, सासूबाईंनी कुणाला काही विचारलं नाही, चुलीवर मोठं पातेलं चढवलं आणि मला म्हणाल्या, "पिठलं घोट."

पण ओसरीची दुसरी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर मी खोटं लिहिलं असं होईल. वाड्याचा नकाशा म्हणजे कुणी कुठपर्यंत यायचं याचा नकाशा होता. परक्यानं देवडीपर्यंत, ओळखीच्यानं ओसरीपर्यंत, जातीतल्यानं माजघरापर्यंत. विटाळशी बाईला मागची पडवी. मैला नेणाऱ्या माणसानं तर पुढून यायचंच नाही, त्याच्यासाठी वाड्यामागे अरुंद बोळ ठेवलेला असे, आणि घरातल्या कुणाला त्याचा चेहरा दिसू नये अशी ती सोय होती. याच गावात २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, पुढे कित्येक वर्षं चालला. देवळाचा उंबरा होता तो, पण गावातल्या प्रत्येक घराला तसाच उंबरा होता. आमच्या वाड्यामागचा बोळ मी लहानपणी लपाछपीला वापरला. तो कशासाठी होता हे मला कळायला पंचवीस वर्षं लागली, आणि कळल्यावर त्या वाड्याची आठवण मला पूर्वीसारखी निखळ गोड कधीच राहिली नाही.

छपराचं एक सांगते. नाशिक जिल्हा हे छपरांचं पुस्तक आहे. इगतपुरीकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तिथे घराला उतरतं छप्पर, पाण्यानं क्षणभरही थांबू नये असं. शहरात सातशेच्या आसपास, तर इथे कौलंही दिसतात आणि माळवदही. सिन्नर-येवल्याकडे निघालात की जुनी घरं सपाट होत जातात. धाब्याची घरं. कड्यांवर पाट, वर पाचोळा नाहीतर काड्यांचा थर आणि त्यावर चोपून बसवलेली पांढरी माती. पांढरी माती साध्या शेतातली चालत नाही, ती गावठाणातली, जुन्या वस्तीच्या ढिगाऱ्यातली लागते. म्हणून तर गावात दोनच जमिनी: पिकवायची ती काळी आणि राहायची ती पांढरी. पडलेल्या घराची माती नव्या घराच्या डोक्यावर जायची. माझ्या आजोळी येवल्याकडे दरवर्षी रोहिण्यांच्या आधी मामा धाब्यावर नवी माती टाकून धोपटायचा आणि आजी खालून ओरडायची, "कोपरा बघ रे, तिथंच गळतं!" दरवर्षी तिथेच गळायचं.

पुढचा बदल रेल्वेनं आणला. १८६५ साली थळ घाटातून गाडी वर आली. योगायोग असा की त्याच साली मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला. कुंभाराच्या हातची नळीची कौलं माकडांनी, मांजरांनी हलवली की गळायची. ही साच्यातली कौलं एकमेकांत अडकून बसत. देवळालीच्या छावणीत बंगले उठले, रुंद व्हरांडा आणि वर लाल कौलं. बंगल्यांत चौक गेला. वाड्यात घर अंगणाभोवती असायचं, बंगल्यात अंगण घराभोवती आलं. बाकी त्या बंगल्यांविषयी मला फारसं सांगता येणार नाही, आमच्या घरातलं कुणी तिथे राहिलं नाही.

वाडे पडले ते पावसानं असं आपण म्हणतो. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात एखादा तरी वाडा खचतो आणि बातमी येते. पण पाऊस दोनशे वर्षं पडतच होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत बिऱ्हाडकरूंना त्याचा केवढा आधार झाला, आम्ही त्यातलेच. पण पुढची कित्येक दशकं ती भाडी फारशी हलली नाहीत. आमचं भाडं महिन्याला अकरा रुपये होतं. अकरा रुपयांत मालक कौलं काय फिरवणार आणि कुजलेली कडी काय बदलणार? त्यात वाटण्या झालेल्या, एका चौकाला सात वारस. मालक वाईट नव्हते आणि आम्हीही नव्हतो, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत वाडा खचत गेला.

१९८४ साली आम्ही सिडकोत गेलो. बाबा सातपूरला एका कारखान्यात होते. वाड्यातून निघताना आई ओसरीच्या खांबाला धरून रडली, हे मला आठवतं. आणि नव्या घरी पहिल्याच सकाळी नळाला धो धो पाणी आलं तेव्हा ती नळाखाली हात धरून नुसती उभी राहिली होती, हेही आठवतं. स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, घरात सूर्य. वाड्यात सात बिऱ्हाडांना एक संडास आणि सकाळी डबा घेऊन रांग. आई पुन्हा कधी वाड्यात राहायला जायचं म्हणाली नाही. ओसरीचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या रांगेत एकदा उभं राहून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

सिडकोच्या घरात मध्ये खांब नव्हता. वर स्लॅब. लोखंड आणि सिमेंटनं झाडाची मर्यादा पुसून टाकली होती. बाबा घरी आलेल्या प्रत्येकाला हात पसरून दाखवायचे, "बघा, मध्ये एकही खांब नाही!" घर लहानच होतं, पण पुढे चार हात मोकळी जागा होती आणि डोक्यावर गच्ची होती. मुलं मोठी झाली तसं आमच्या लेनमधलं प्रत्येक घर वर चढलं, पुढे सरकलं. चार हात जागेवर आधी पत्रा आला, मग ग्रिल, मग खोली. आमचीही. नियमात बसणारं ते नव्हतं, पण घराला वाढू देण्याची ती एक जुनीच रीत होती, खणाला खण जोडत जाण्याची. रो-हाऊस हा शब्द नाशिककर जिव्हाळ्यानं उच्चारतो तो यामुळेच असावा. त्यात वर बांधायला जागा असते.

फ्लॅटला ती नसते. ७८० म्हणजे ७८०. बाल्कनी होती, ती बिल्डरनं ताबा देण्याआधीच हॉलमध्ये घेऊन टाकली होती, 'मोठा हॉल' म्हणून. मी भांडले, उपयोग झाला नाही. मोठ्या हॉलचा भाव जास्त येतो. खण लाकडानं ठरवला होता, फ्लॅटची खोली चौरस फुटाचा दर ठरवतो.

गेल्या वर्षी जानेवारीत आमचा वाडा उतरवायला घेतला. सारे वारस अखेर एक झाले होते. आईला म्हटलं, येतेस का? ती लगेच तयार झाली. दिंडी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, त्यामुळे आत शिरताना वाकावं लागलं नाही, आणि तिला तेच चुकल्यासारखं वाटलं असावं. ती सवयीनं वाकली. चौकात लाकूड रचून ठेवलं होतं. तुळया एकीकडे, खांब एकीकडे, कड्या वेगळ्या. जुन्या लाकडाचा व्यापारी टेप लावून नोंद करत होता. आता या तुळयांची टेबलं होतात, हॉटेलांना हवी असतात म्हणे.

आई रांगेपाशी गेली आणि एकेका तुळईवरून हात फिरवत चालली. तिसऱ्या की चौथ्या तुळईपाशी थांबली. "ही आपली." लाकडात हातभर अंतरावर दोन लोखंडी कड्या ठोकलेल्या होत्या. आतून घासून घासून एका बाजूला पातळ झालेल्या, तिथे लोखंड पांढरं दिसत होतं. पाळण्याच्या कड्या. माझ्याआधी माझे दोन काका, एक आत्या आणि त्यांच्याआधी कोण कोण त्या कड्यांखाली निजलं असेल. व्यापाऱ्यानं काही न बोलता पहार घेतली आणि एक कडी उपसून आईच्या हातात दिली. दुसरी निघेना. "राहू द्या," आई म्हणाली.

घरी आल्यावर तिनं चपला काढल्या आणि हॉलच्या भिंतीला टाच लावून पावलं मोजायला सुरुवात केली, टाचेला अंगठा लावत. सहा पावलं झाली की बोट दुमडायची. सोफ्यापाशी अडली, मी सोफा सरकवला. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, दोन्ही खोल्या झाल्या. मी तिच्या मागे मागे. शेवटी बेडरूमच्या खिडकीशी थांबून म्हणाली, "भरपूर आहेत की गं!" मग वर बघून तिनं स्लॅबमधला पंख्याचा हुक पाहिला, हातातली कडी पाहिली.

कडी सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहे. दुपारी मी काम करत असले की आई येते, खण उघडते, ती आहे ना बघते आणि पुन्हा लावून घेते.